आरोग्यशिक्षण : सेवा की वेठ?

आपल्या चळवळीच्या भाषेत शिक्षण, नोकरी, जमीन, अत्याचार, अस्मिता हे शब्द वारंवार येतात. आरोग्य हा शब्द मात्र क्वचित येतो. चौदा एप्रिलला किंवा सहा डिसेंबरला आपली तरुण मंडळे रक्तदान करतात, तपासणी-शिबिरे भरवतात, गोळ्या वाटतात. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि वस्तीतले जुलाब, खोकला, अंगावरचे जाणे, बाळंतिणीचा फिकटपणा सारे होते तसेच राहते. वर्षभर टिकेल असे काम करायचे तर डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्याने, विद्यार्थ्याने, शिक्षकाने काय करावे, असा प्रश्न मग पडतो. त्याचे एक उत्तर म्हणजे लोकांचे आरोग्यशिक्षण.

या उत्तरावर आपल्यातून दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे समाजसेवेचे काम झाले, संघर्षाचे नव्हे. दुसरा असा की, उपाशी माणसाला सकस आहाराचे आणि तहानलेल्याला हात धुण्याचे व्याख्यान देणे ही त्याची थट्टा आहे. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. म्हणूनच हे काम म्हणजे काय, ते कशाने यशस्वी होते आणि कोठे बिघडते, हे समजून घेतले पाहिजे.

शुद्ध आणि स्वच्छ

रोग जात पाहत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. जंतूपुरते ते खरे आहे. परंतु जंतू माणसापर्यंत पोहोचण्याची वाट आणि उपचार पोहोचण्याची वाट, या दोन्ही वाटा आपल्या देशात जातीने आखलेल्या आहेत. पाणवठा कोणाच्या आळीत, गटार कोणाच्या दारापुढून वाहते, मेलेले ढोर कोण ओढतो, मैला कोण उचलतो, यावर कोणी आजारी पडायचे हे ठरत आले.

उपचाराच्या वाटेचे एक उदाहरण बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, फीच्या दोन रुपयांची हमी घेतली, तेव्हा तो आला. पण अट अशी की रोग्याला वस्तीबाहेर आणावे. त्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच क्रमाने ते परत गेले. डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले, पण पुन्हा येण्यास नकार दिला. ती स्त्री मरण पावली. त्या डॉक्टरपाशी विद्या होती, औषध होते आणि फीही त्याला मिळाली होती. त्याचा हात मात्र पुढे झाला नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा यांबरोबरच सरकारी दवाखानेही अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. महाडच्या लढ्याच्या संदर्भात आपल्याला यातले पाणवठे आठवतात. दवाखाने आपण विसरतो. पाणी आणि दवाखाना ही एकाच ठरावातली मागणी होती, हे आरोग्याचे काम करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

महाडचा पुढचा प्रसंग तर आरोग्यशिक्षणाचा पहिला धडा ठरावा असा आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, ते शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी पाण्यात ओतून. पिण्याच्या पाण्यात शेण ओतणे ही शुद्धी आणि माणसाने ओंजळ बुडवणे हा विटाळ! शुद्ध आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत. शुद्धता जातीने ठरते. स्वच्छता पाण्यातल्या जंतूंवरून ठरते, आणि ती कोणालाही तपासता येते. दुसऱ्याने घातलेला कलंक झटकण्याची धडपड म्हणून आपल्या लोकांना स्वच्छता शिकवायची नाही. निसर्गाचा नियम समजून घेऊन आपली मुले जगवण्याची विद्या म्हणून ती शिकायची आहे. वस्तीत जाऊन "तुम्ही घाणेरडे राहता म्हणून आजारी पडता" असे म्हणणारा स्वयंसेवक, त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी, मनुस्मृतीच नव्या शब्दांत वाचून दाखवत असतो.

जुनी वाट

हे काम आपल्याला परके नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. सरकारने सैनिक घालून घरे झडतीला घेतली, रोगी उचलून नेले, सामान जाळले. त्यामुळे लोक रोगी लपवू लागले. त्याच वेळी डॉ. यशवंतराव फुले यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला आणि सावित्रीबाई रोग्यांच्या सेवेत उतरल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकीकडे दंडुक्याने राबवलेले आरोग्य होते, दुसरीकडे स्पर्शाने दिलेले. काठियावाडच्या डॉक्टरचा हात जिथे अडला, तिथे बत्तीस वर्षे आधी सावित्रीबाईंचा हात पुढे झाला होता.

माहिती जीव कशी वाचवते

आता दुसरा आक्षेप. गरिबी तशीच असताना नुसत्या माहितीने काय होणार? उत्तरासाठी जुलाबाचे उदाहरण घेऊ, कारण ते सर्वांत स्पष्ट आहे.

जुलाब झालेले मूल बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरते. नुसते पाणी पाजले तर आजारी आतडे ते नीट शोषत नाही. परंतु साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिले तर साखर मिठाला आतड्याच्या आवरणातून आत घेऊन जाते आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. जलसंजीवनीचे सारे रहस्य एवढेच आहे.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात करवून पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. तोवर तेथे शंभरातले सुमारे तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चारच्या खाली आले. शिकलेले डॉक्टर मोजकेच होते. बाकी हात आयाबायांचे होते.

पुढे बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघर बायका पाठवून सुमारे सव्वा कोटी घरांत हे ज्ञान नेले. खेड्यात मोजमापाची भांडी नव्हती. म्हणून तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे माप ठरले. शिकवणारी बाई भाषण करीत नसे. समोरच्या आईकडूनच ते पाणी तयार करवून घेई. आणि तिचा पगार तिने किती घरे केली यावर नव्हे, तर काही दिवसांनी दुसऱ्याने जाऊन विचारल्यावर आयांना किती आठवते यावर ठरे. तरीही पहिल्या काळात असे दिसले की, आयांना कृती पाठ आहे पण त्या ती वापरत नाहीत. शोध घेता कळले की, शिकवणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. आणि घरातल्या पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. तेव्हा आधी शिकवणाऱ्यांना त्यामागचे कारण समजावले गेले आणि पुरुषांच्याही बैठका घेतल्या गेल्या. मग वापर वाढला.

यातून तीन गोष्टी निघतात. घरातल्या वस्तूंनी आणि घरातल्या मापांनी शिकवावे. शिकवणाऱ्याला कारण पटलेले असावे. आणि आपण किती बोललो याचा हिशेब न ठेवता, समोरच्याच्या हाती काय उरले याचा ठेवावा. आज आपल्या वस्तीत सांगायचे माप असे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. दवाखान्यातली पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. तिच्याबरोबर चौदा दिवस झिंकच्या गोळ्या. अंगावरचे दूध थांबवायचे नाही. मूल सुस्त झाले, पिणेच बंद झाले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबायचे नाही.

शिकवणार कोण?

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य नगर जिल्ह्यातील जामखेडला आले. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेमल्या. तो प्रयोग फसला. बाहेरून आलेली तरुण मुलगी खेड्यात एकटी टिकत नव्हती आणि लोक तिला आपली मानत नव्हते. मग गावांनी निवडलेल्या गावातल्याच बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या अनेक जणी दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. गरोदर बाईची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, लसीकरणाचा पाठपुरावा, क्षय आणि कुष्ठाचे रोगी ओळखणे, ही कामे त्या करू लागल्या. प्रशिक्षणात सर्व जातींच्या बायका एकत्र जेवत आणि एकत्र झोपत. दुष्काळात विंधणविहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळे दाम्पत्याने त्या दलित वस्तीत पडतील असा आग्रह धरला. म्हणजे पाण्यासाठी गावाला वस्तीत यावे लागले. तेथे पाण्याचे काम आणि जातीविरुद्धचे काम एकाच हातपंपावर झाले.

प्रकल्पाच्या नोंदीनुसार त्या भागात १९७१ साली जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. १९७९ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले, तेव्हा नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

जी बाई गावकुसाबाहेर राहते, जिच्या हातचे पाणी चालत नव्हते, ती हातात बाळ घेऊन उभी राहते आणि पाटलाची सून तिला सल्ला विचारते. हा बदल आकड्यांत मावत नाही. ज्ञान एका जातीची मिरास नाही, हे सांगायला याहून मोठा पुरावा कोणता?

मानधन नावाची वेठ

परंतु येथेच सावध झाले पाहिजे. सरकारने हा धडा उचलला, पण कसा? २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशात दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू झाली. मानधन महिना ५० रुपये. पुढे त्याचे नाव बदलून 'स्वयंसेवक' केले, मग 'आरोग्यरक्षक'. नावे बदलली, मानधन तेवढेच राहिले आणि योजना हळूहळू आटली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून 'आशा' आली. आज देशात सुमारे दहा लाख आशाताई आहेत. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, हिवताप, कुटुंबनियोजन, सर्वेक्षण, नोंदवह्या आणि आता मोबाईलवरची माहिती हे सारे त्यांच्याकडे आहे. कोरोनाच्या साथीत त्या दारोदार फिरल्या, शिव्या आणि मारही खाल्ला. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशांना संप करावा लागला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरीही सरकारच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना मिळतो तो पगार नव्हे, मानधन आणि कामागणिक मोबदला.

आपल्याला ही रीत ओळखीची वाटली पाहिजे. महारकीच्या वतनात माणूस चोवीस तास सरकारचा आणि गावाचा असे. सांगावा न्यायचा, मढ्याची वर्दी द्यायची, साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे. मोबदला म्हणजे तुकडाभर जमीन आणि दारोदारचे बलुते. पगार मागायचा नाही, कारण ते काम नव्हे, 'हक्क' आणि 'मान' आहे, असे सांगितले जाई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच वेठीविरुद्ध. काम पूर्णवेळ, जबाबदारी कायम आणि मोबदला मर्जीचा, असे जिथे असते तिथे सेवा हा शब्द वेठीवर घातलेली शाल असते.

म्हणून स्वयंसेवेची एक सोपी कसोटी ठेवावी. ज्याला नाही म्हणता येते, ज्याच्या पोटाची सोय अन्यत्र आहे आणि ज्याच्या न येण्याने कोणाचा हक्क बुडत नाही, तो स्वयंसेवक. महाविद्यालयातला विद्यार्थी, सुटीच्या दिवशी वस्तीत जाणारा शिक्षक हे स्वयंसेवक होत. रोज राबणारी आशाताई ही कामगार होय. स्वयंसेवकाने तिची जागा फुकटात भरून काढायची नाही. तिच्या मागणीच्या बाजूने उभे राहायचे. पहिल्या आक्षेपाचे उत्तरही येथेच आहे : अशा रीतीने केलेले आरोग्यशिक्षण संघर्षापासून वेगळे राहतच नाही.

जिथे शिकवणे पुरे पडत नाही

काही ठिकाणी आरोग्यशिक्षण हा अपराधच ठरतो. भुयारी गटारात उतरणाऱ्या कामगाराला तोंडाला फडके बांधण्याचा सल्ला देणे हा तसा अपराध आहे. गटारातला विषारी वायू फडक्याने अडत नाही. माणूस क्षणात बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला उतरलेलाही मरतो. हाताने मैला उचलण्यास आणि गटारात धोकादायक रीतीने माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तेथे शिकवायचे असेल तर कामगाराला हा कायदा शिकवावा आणि आरोग्याचे नियम ठेकेदाराला व नगरपालिकेला शिकवावेत.

रक्तक्षयाचेही तसेच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. त्यांना पालेभाजी खा म्हणून सांगावे, जरूर सांगावे. पण लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात आल्या का, रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळाली का आणि घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, हेही विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरकारकडे नाही. ते आपल्याच घरात आहे.

सिकलसेल : एक कसोटी

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल ठाऊक आहे. हा आजार आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात, त्याचबरोबर इतर काही जातींतही आढळतो. त्यामुळे 'यांच्या रक्तातच दोष' असे कुजबुजणारे निघतात. आरोग्यशिक्षकाची खरी परीक्षा येथे आहे.

प्रत्येक माणसाला रक्ताचा एक गुण आईकडून आणि एक बापाकडून मिळतो. एकच गुण सिकलचा असेल तर तो माणूस वाहक, रोगी नव्हे. बहुधा त्याला आयुष्यभर काही त्रास होत नाही. दोन्ही गुण सिकलचे असतील तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य कळा येतात, रक्त कमी होते. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक शक्यता रोगाची असते. हा गुण टिकला तो हिवतापाच्या प्रदेशात, कारण वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठीही तो आहे. पाप, विटाळ किंवा जातीचा हीनपणा यांच्याशी त्याचा संबंध नाही.

१ जुलै २०२३ पासून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि तपासण्या होत आहेत. पण तपासणीचा कागद लग्नाच्या बाजारात फिरला तर मुलीच्या गळ्याला फास लागतो. म्हणून नाव गुप्त ठेवणे हा पहिला नियम. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे शंभरदा सांगणे दुसरा. आणि रोग्याला हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड आणि गरज पडेल तेव्हा रक्त जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळते की नाही, याचा पाठपुरावा तिसरा.

कामाची सुरुवात

एखाद्या मंडळाला किंवा शाळेला सुरुवात करायची असेल तर ती लहान असावी. पहिल्या महिन्यात काही शिकवू नये. वस्तीचा नकाशा काढावा. नळ कोठे, गटार कोठे तुंबते, संडासाला दार आणि पाणी आहे का, उपकेंद्र किती दूर, नर्सबाई वस्तीत येते की चावडीवरूनच परत जाते. हा नकाशा लोकांनीच काढावा. त्यातून जो प्रश्न लोक पुढे ठेवतील तो आधी घ्यावा, आपल्या आवडीचा नव्हे.

मग एका वेळी एकच विषय. जुलाब, गरोदरपण, क्षय, लसीकरण, पाळी. क्षयाचे सांगायचे तर एवढे पुरे : दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासावी; सरकारी तपासणी आणि औषध फुकट आहे; साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते, बरे वाटले तरी सोडायचे नाही; आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचाराच्या काळात पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. ते खात्यावर जमा झाले नाहीत तर रोग्यासोबत आरोग्य केंद्रात जावे. माहिती देणे हे अर्धे काम. सोबत जाणे हे दुसरे अर्धे.

स्वयंसेवकाने डॉक्टर बनू नये, सुई-गोळीचा मोह धरू नये, रोग्याचे छायाचित्र काढू नये. बाबा-बुवाच्या अंगाऱ्यावर चिडण्याआधी दवाखान्यात त्या माणसाला कशी वागणूक मिळते, ते पाहावे. अपमानापेक्षा अंगारा बरा असे त्याला का वाटले, ते विचारावे. आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या सुईणीपाशी बसून ऐकावे. तिचे सारेच बरोबर नसते. पण बाई कोठे अडते हे ती जितके जाणते तितके आपण जाणत नाही.

शेवटी वर्षभराने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. आपण गेलो नाही तरी वस्तीतली एखादी बाई शेजारणीच्या मुलासाठी मीठ-साखरेचे पाणी करते का? आरोग्य केंद्रात कोणी हात आखडला तर "आम्हाला तपासा, हा आमचा अधिकार आहे" असे ती म्हणते का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' आले तर काम झाले. फक्त पहिल्याचे आले तर अर्धे झाले. आणि दोन्हींचे 'नाही' आले तर आपण वर्षभर भाषणेच केली, असे समजून पुन्हा नकाशापासून सुरुवात करावी.